लपवून बाळगायचं पहिलं पिस्तूल: अमेरिकेतल्या मराठी मंडळींचे नेहमीचे प्रश्न

ह्यूस्टनच्या परिसरात येऊन मला बरीच वर्षं झाली. आधी मी एकटाच रेंजवर, म्हणजे नेमबाजीच्या सरावाच्या जागी, जायचो. आता महिन्या-दोन महिन्यांतून ओळखीतल्या कुणाचा तरी फोन येतो, "पिस्तूल घ्यायचं म्हणतोय, कुठलं घेऊ?" कुणाचं गॅस स्टेशन असतं, कुणी रात्रपाळी संपवून हॉस्पिटलच्या पार्किंगमधून एकटी चालत जाते, कुणाच्या शेजारी घरफोडी झालेली असते. त्यांना फोनवर जे सांगतो तेच इथे लिहिलं आहे. कायद्याचं बोलणं मुख्यतः टेक्सासपुरतं आहे. दुसऱ्या राज्यात वेगळं असेल तिथे तसं म्हटलं आहे.

मी एच-१बीवर आहे. मला पिस्तूल घेता येईल का?

फोन करणाऱ्यांपैकी अनेकांचं काम इथेच थांबतं, म्हणून हा प्रश्न सगळ्यात वर ठेवला. एच-१बी, एच-४, एल-१, एफ-१ अशा तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाला संघीय कायद्याने बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगायला मनाई आहे. फक्त विकत घ्यायला नव्हे, जवळ बाळगायलाच. ऑफिसची टीम रेंजवर गेली आणि तुम्ही भाड्याचं पिस्तूल हातात घेऊन चार गोळ्या झाडल्या, तरी ते त्यातच मोडतं. हे पुष्कळांना माहीत नसतं आणि फोटो तर सगळ्यांनी टाकलेले असतात.

यातला मुख्य अपवाद म्हणजे अमेरिकेतल्या एखाद्या राज्याचा चालू शिकारीचा परवाना. तो असेल तर ही मनाई लागू होत नाही आणि तो काढून रीतसर खरेदी करणारे लोक आहेत. तरीही कमरेला पिस्तूल लावून फिरायचा विचार ग्रीन कार्ड हातात येईपर्यंत बाजूला ठेवा, असंच मी सांगतो. ग्रीन कार्ड आल्यावरसुद्धा एक गोष्ट विसरू नका. बंदुकीसंबंधीच्या गुन्ह्यात दोषी ठरणं हे देशातून बाहेर काढलं जाण्याचं स्वतंत्र कारण आहे. नागरिकाचं दंडावर भागेल अशा चुकीत आपलं इथलं अख्खं बस्तान उठू शकतं.

बायको नागरिक आहे, मी व्हिसावर. तिच्या नावावर घेतलं तर?

पिस्तूल खरंच तिचं असेल, तीच वापरणार असेल, तर ती घेऊ शकते. पण ते अशा कुलपात हवं की ज्याची किल्ली किंवा आकडा तुमच्याकडे नाही. नाहीतर तुमच्याही ताब्यात आहे असं म्हणायला जागा राहते. तुमच्या घरची नेमकी परिस्थिती वकिलाला दाखवून घ्या. त्या तासाभराची फी सार्थकी लागते.

आणि पैसे तुमचे, वापरणार तुम्ही, फॉर्मवर सही मात्र तिची, असं अजिबात करू नका. दुकानात भरायच्या ४४७३ क्रमांकाच्या फॉर्मवर पहिल्याच काही प्रश्नांत "हे हत्यार तुम्ही स्वतःसाठी घेताय का?" असं विचारलेलं असतं. तिथे खोटं लिहिणं हा संघीय गुन्हा आहे, आणि २०२२च्या कायद्यानंतर दुसऱ्याच्या वतीने खरेदी करण्याला १५ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. त्याच फॉर्मवर गांजाचाही प्रश्न आहे, आणि तुमच्या राज्यात गांजा कायदेशीर असला तरी तो प्रश्न सुटत नाही.

टेक्सासमध्ये आता परवाना लागतच नाही ना? मग एलटीसी (पिस्तूल बाळगायचा राज्याचा परवाना) काढून काय मिळतं?

१ सप्टेंबर २०२१पासून पात्र प्रौढाला इथे परवान्याशिवाय पिस्तूल बाळगता येतं, हे खरं. मी तरीही सगळ्यांना परवाना काढायला लावतो. शाळेच्या हद्दीपासून १,००० फुटांच्या आत बंदूक नेण्यावर संघीय बंदी आहे आणि त्या राज्याचा परवाना असणाऱ्याला तिच्यातून सूट आहे. मुलांना सोडायला जाताना, किराणा आणताना, साध्या रस्त्याने जाताना आपण दिवसातून किती वेळा शाळेजवळून जातो ते एकदा मोजून बघा. शिवाय दुसऱ्या अनेक राज्यांत हा परवाना चालतो.

फी ४० डॉलर, वर्ग चार ते सहा तासांचा, आणि रेंजवर ५० गोळ्यांची परीक्षा: तीन यार्डांवरून २०, सात यार्डांवरून २० आणि पंधरावरून १०. अडीचशेपैकी १७५ गुण मिळाले की उत्तीर्ण. ही परीक्षा अवघड नाही. ती जेमतेम पास होत असाल तर अजून पिस्तूल घेऊन बाहेर पडायची वेळ आलेली नाही.

फुल साइझ, कॉम्पॅक्ट, सबकॉम्पॅक्ट, मायक्रो म्हणजे नेमकं काय?

या शब्दांना ठरलेली व्याख्या नाही, कंपन्या आपापल्या सोयीने वापरतात. डोळ्यांसमोर दोन पिस्तुलं ठेवा. ग्लॉक १९ हे १९८८पासूनचं कॉम्पॅक्ट: नळी सुमारे चार इंच, मॅगझिनमध्ये (मुठीत बसणाऱ्या गोळ्यांच्या पेटीत) १५ गोळ्या, रिकामं वजन ६००-७०० ग्रॅमच्या घरात. सिग सावर पी३६५ हे २०१८चं मायक्रो: नळी ३.१ इंच, १० गोळ्या, वजन जेमतेम अर्धा किलो. बाकीची बहुतेक या दोघांच्या आसपास कुठेतरी बसतात.

२०१८ हे साल या धंद्यात महत्त्वाचं आहे. त्याआधी बारीक पिस्तूल म्हणजे सहा-आठ गोळ्या, असंच समीकरण होतं. २०१२चं स्मिथ अँड वेसनचं शील्ड आणि २०१५चं ग्लॉक ४३ तशीच होती. पी३६५ने तेवढ्याच अंगात १० बसवल्या, २०१९ला स्प्रिंगफील्डचं हेलकॅट ११ घेऊन आलं, २०२१ला शील्ड प्लस आलं. त्यामुळे "लहान घेतलं तर गोळ्या कमी" ही जुनी अडचण आज बरीचशी उरलेली नाही. दुसरी अडचण मात्र तशीच आहे.

मग मी सगळ्यात लहानच घेतो. लपवायला सोपं, नाही का?

सगळ्यात जास्त फोन याच विचाराने येतात, आणि मीही हीच चूक केली होती. माझं पहिलं पिस्तूल .३८०चं, म्हणजे त्या मापाच्या लहान गोळीचं होतं, जीन्सच्या पुढच्या खिशात पाकिटासारखं मावणारं, पावशेराहून थोडंसं जास्त वजनाचं. दुकानात हातात घेतलं आणि प्रेमात पडलो. रेंजवर तिसरं मॅगझिन संपेपर्यंत अंगठा आणि तर्जनीमधली कातडी लाल झाली होती, आणि पाचव्या मॅगझिनला मी गोळी सुटायच्या आधीच मनगट खाली दाबू लागलो होतो. सात यार्डांवरच्या कागदावर भोकं खाली डावीकडे विखुरलेली. पुढचे तीन महिने मी रेंजवर जायचंच टाळलं. कमरेला पिस्तूल होतं आणि ते चालवता येत नव्हतं. याहून वाईट अवस्था नाही.

यामागचं कारण साधं आहे. गोळी तीच, दारू तीच, पण पिस्तूल हलकं, म्हणून मागे येणारा झटका तळहाताला जास्त वेगाने बसतो. मूठ आखूड असल्याने करंगळी हवेत राहते आणि तो झटका दोन-तीन बोटांवर पेलावा लागतो. नळी आखूड म्हणून पुढची आणि मागची साइट (नेम धरायच्या खुणा) जवळ येतात, आणि नेम धरताना झालेली केसभर चूक लक्ष्यावर मोठी होऊन उमटते. सरावलेला माणूस हे सगळं सांभाळून घेतो. नवशिक्याला ते जमत नाही, आणि नेमकं त्यालाच दुकानात सगळ्यात लहान पिस्तूल दाखवलं जातं.

म्हणून मी असं सांगतो: आधी कॉम्पॅक्टच्या आकाराचं हातात घ्या. ते तुमच्या अंगावर लपतच नसेल तर एक पायरी खाली या, पण संपूर्ण मूठ हातात येईल असंच घ्या. पी३६५ एक्सएल किंवा ग्लॉक ४३एक्स हे याच मधल्या मापाचे आहेत, म्हणजे बारीक अंग आणि मूठ पुरेशी लांब.

दुकानात हातात घेतल्यावर काय बघायचं?

उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनीमधला खोबणीसारखा भाग मुठीच्या मागच्या बाजूला जितका वर जाईल तितका नेऊन घट्ट धरा. मनगट, पुढचा हात आणि नळी एका रेषेत हवीत. आता तर्जनीच्या पहिल्या पेराचा मधला भाग चापावर सहज टेकतो का? त्यासाठी मनगट वळवावं लागलं तर मूठ मोठी आहे. बोट दुसऱ्या पेरापर्यंत आत घुसलं तर लहान आहे. आपल्याकडच्या बायकांचे हात लहान असतात. त्यांच्या हाती जाड मुठीचं पिस्तूल देऊन "सवय होईल" म्हणणारा दुकानदार भेटला तर दुसरं दुकान गाठा.

मग भाड्याने घेऊन चालवा. ज्या रेंजवर पिस्तुलं भाड्याने मिळतात तिथे एकाच दिवशी तीन घ्या, प्रत्येकाच्या ५० गोळ्या झाडा. सात यार्डांवर जेवणाच्या कागदी ताटलीएवढं लक्ष्य लावा. ज्यातल्या सगळ्या गोळ्या ताटलीत बसल्या आणि शेवटच्या दहा झाडतानाही हात नकोसा झाला नाही, ते पिस्तूल तुमचं. कुठल्या कंपनीचं हे त्यानंतर बघा.

९ एमएम की .३८०? की मोठं .४५?

९ एमएम. काडतूस स्वस्त, कुठेही मिळतं, आणि सराव त्यावरच अवलंबून असतो.

मोठ्या गोळीचा आग्रह कुठून आला तेही सांगतो. ११ एप्रिल १९८६ला मायामीत एफबीआय आणि दोन दरोडेखोरांमध्ये गोळीबार झाला, त्यात दोन एजंट मारले गेले आणि पाच जखमी झाले. एका दरोडेखोराला सुरुवातीलाच लागलेली ९ एमएमची गोळी हृदयापर्यंत पोचली नव्हती. त्यातून एफबीआय १० एमएम आणि मग .४० कडे वळली. तिथूनच जिलेटिनच्या ठोकळ्यात गोळी १२ ते १८ इंच शिरली पाहिजे ही चाचणी रूढ झाली. पुढे गोळ्यांची बनावट सुधारली, आणि गेल्या दशकात एफबीआय परत ९ एमएमवर आली. कमी झटका, जास्त गोळ्या, आणि एजंटांचा नेमही बरा लागत होता.

संधिवात असेल किंवा मनगटात जोर नसेल तर .३८० घ्यायला लाजू नका. बाळगायला पोकळ टोकाची गोळी वापरतात, कारण ती आत उमलते आणि आरपार जाऊन मागच्या माणसाला लागण्याचा धोका कमी करते. एडिसनकडच्या मंडळींनी मात्र जपून असावं: न्यू जर्सीत अशी गोळी कमरेला बाळगायला बंदी आहे. तिथे, न्यू यॉर्कमध्ये आणि कॅलिफोर्नियात मॅगझिनही दहा गोळ्यांपेक्षा मोठं चालत नाही.

रिव्हॉल्व्हर सोपं पडेल का?

समजायला सोपं, चालवायला अवघड. पाच गोळ्यांचं छोटं रिव्हॉल्व्हर खिशात छान बसतं आणि त्यात अडकण्यासारखं फारसं काही नाही. पण त्याचा चाप लांब आणि जड असतो, साधारण पाच किलोचा जोर एका बोटाने लावावा लागतो, आणि तो लावताना नळी हलते. हलक्या ॲल्युमिनियमच्या चौकटीतून .३८ स्पेशल झाडली की झटकाही सणसणीत बसतो. अनुभवी माणसाच्या हातात ते उत्तम हत्यार आहे.

आईच्या हाताला स्लाइड (पिस्तुलाचा वरचा, मागेपुढे सरकणारा भाग) ओढली जात नाही.

साठीच्या एका काकूंना रेंजवर आणलं होतं. त्या छातीपासून लांब हात धरून, चिमटीत स्लाइड पकडून जिवाच्या आकांताने मागे ओढत होत्या आणि ती अर्ध्यावर येऊन थांबत होती. त्यांना म्हटलं, पिस्तूल पोटाजवळ आणा, नळी समोर लक्ष्याकडेच राहू द्या. डाव्या हाताची चारही बोटं आणि तळवा स्लाइडवर घट्ट बसवा, आणि स्लाइड ओढू नका, उजव्या हाताने मूठ पुढे ढकला. पीठ तिंबताना जसा अंगाचा भार तळव्यावर टाकता, तसा. दुसऱ्या प्रयत्नात खटकन आवाज झाला आणि त्या स्वतःच चमकल्या. ताकद होतीच, ती कुठे लावायची ते कुणी दाखवलं नव्हतं.

एवढं करूनही जमलं नाही तर त्यासाठीच बनवलेली पिस्तुलं आहेत. स्मिथ अँड वेसनचं शील्ड ईझी २०१८ला .३८०मध्ये आणि २०२०ला ९ एमएममध्ये आलं. त्याची स्लाइड खरंच हलकी आहे आणि मॅगझिन भरतानाही अंगठा दुखत नाही.

सेफ्टीचा खटका असलेलं घ्यावं का?

ज्याने मनाला स्वस्थता मिळते ते घ्या, पण खटका असेल तर प्रत्येक सरावात, प्रत्येक वेळी पिस्तूल बाहेर काढताना तो खाली करायची सवय लागली पाहिजे. ग्लॉकसारख्या पिस्तुलांवर हाताने लावायचा खटका नसतो. आतल्या आत तीन सेफ्टी असतात आणि चाप दाबला तरच गोळी सुटते. म्हणजे चाप झाकलेला असणं हीच तिथली खरी सेफ्टी. ते काम होल्स्टर, म्हणजे पिस्तूल ठेवायचं म्यान, करतं.

होल्स्टर कसलं? कपड्यांचं काय?

पिस्तुलावर पाचशे डॉलर खर्च करून होल्स्टर दहाचं घेणारे लोक बघितले की मला काळजी वाटते. तुमच्याच मॉडेलच्या मापाचं, कडक कायडेक्स प्लास्टिकचं, चाप पूर्ण झाकणारं घ्या. मऊ कापडी होल्स्टर दुमडतं आणि त्याची घडी चापात शिरू शकते. शर्टाचं टोकही असंच शिरतं. म्हणून पिस्तूल परत ठेवताना घाई नको, दुसऱ्या हाताने शर्ट वर धरा, बोट चापापासून दूर, आणि नजर होल्स्टरवर.

पट्टा कडक हवा, नाहीतर पँट एका बाजूला लोंबते. टेक्सासच्या उन्हाळ्यात टीशर्ट एक माप मोठा घ्या. नक्षीचा किंवा गडद रंगाचा असेल तर आतला उंचवटा दिसत नाही. पिस्तुलात लपवायला सगळ्यात कठीण भाग मुठीचा असतो, नळी पँटच्या आत जातेच. नाडीच्या पायजम्यावर मात्र काही टिकत नाही. गणपतीच्या आरतीला, पूजेला कुर्ता-पायजमा घालून जाणार असाल तर त्या दिवशी पिस्तूल घरच्या तिजोरीत ठेवा. साडीचंही तेच. कार्यक्रमात दोन पेग घेणार असाल तरी तेच, कारण नशेत हत्यार बाळगणं हा इथे गुन्हा आहे.

पर्समध्ये ठेवलं तर?

शक्यतो नको. पर्स खुर्चीला अडकवली जाते, ट्रॉलीत राहते, मुलं चॉकलेट शोधायला तिच्यात हात घालतात. ३० डिसेंबर २०१४ला आयडाहो राज्यातल्या हेडन गावात एका दुकानात दोन वर्षांच्या मुलाचा हात आईच्या पर्समधल्या पिस्तुलाला लागला आणि त्याच गोळीने ती आई गेली. पर्स हत्यारासाठी खास बनवलेलीच होती. पिस्तूल अंगावर असावं, किंवा कुलपात. यामध्ये तिसरी जागा नाही.

घरात लहान मुलं आहेत. ठेवायचं कुठे?

कपाटावर, गादीखाली, देवघराच्या मागे, यांपैकी कुठेही नाही. मुलांना घरातली प्रत्येक जागा माहीत असते. बोटाच्या ठशाने किंवा आकड्याने उघडणारी छोटी पोलादी पेटी भिंतीला किंवा पलंगाला स्क्रूने जखडा. शंभर-दोनशे डॉलरमध्ये चांगली मिळते, आणि ती पिस्तुलाच्या आधी घरात आली पाहिजे. टेक्सासमध्ये १७ वर्षांखालच्या मुलाच्या हाती भरलेलं हत्यार लागू देणं हा पालकाचा गुन्हा आहे.

अजून एक, आणि हे मी प्रत्येकाला विचारतो, कितीही अवघड वाटलं तरी. घरात कुणी खचलेलं आहे का? कॉलेजातून परत आलेला मुलगा, नोकरी गेलेला भाऊ? अमेरिकेत बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंपैकी निम्म्याहून जास्त आत्महत्या असतात. तशी शंका जरी असली तरी आत्ता पिस्तूल घेऊ नका. आधीच असेल तर घराबाहेर ठेवायची व्यवस्था करा, आणि अशा वेळी मदतीसाठीचा ९८८ हा फोन नंबर दिवसरात्र चालू असतो.

कुठे नेता येत नाही?

शाळेच्या इमारतीत नाही. आपली रविवारची मराठी शाळा बऱ्याच ठिकाणी भाड्याच्या शाळेतच भरते, ते लक्षात असू द्या. न्यायालयं, विमानतळावर तपासणीनंतरचा भाग, आणि लाल अक्षरांत ५१% असा फलक लावलेले बार इथेही नाही. देवळात किंवा दुकानात हत्यार आणायला मनाई करणारे ३०.०५, ३०.०६, ३०.०७ आकड्यांचे फलक असतात. प्रत्येकाचा अर्थ वेगळा आहे, तो वर्गात नीट शिकून घ्या. कॅलिफोर्निया, न्यू यॉर्क आणि न्यू जर्सी इतर कुठल्याही राज्याचा परवाना मानत नाहीत.

सराव किती करायचा?

महिन्यातून एकदा १०० गोळ्या, आणि आठवड्यातून दोनदा दहा मिनिटं घरी रिकाम्या पिस्तुलाने. घरी करताना काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवा, चेंबर (नळीच्या मागची, गोळी बसायची जागा) डोळ्यांनी बघा आणि बोटानेही चाचपा. चार नियम तोंडपाठ नव्हे, अंगवळणी हवेत: प्रत्येक बंदूक भरलेलीच समजायची, जिथे गोळी जाऊ द्यायची नाही तिकडे नळी न्यायची नाही, साइट लक्ष्यावर आल्याशिवाय बोट चापावर नाही, आणि लक्ष्याच्या मागे काय आहे ते माहीत हवं.

पोलिसाने गाडी थांबवली तर?

आतला दिवा लावा, दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवा, काही काढायला वाकू नका. टेक्सासमध्ये परवानाधारकाकडे हत्यार असेल आणि अधिकाऱ्याने ओळखपत्र मागितलं, तर त्याच्याबरोबर परवानाही दाखवावा लागतो. "माझ्याकडे परवाना आहे आणि पिस्तूल कमरेला उजवीकडे आहे" एवढं शांतपणे सांगा आणि तो म्हणेल तसं करा. बोलताना "गन" हा शब्द एकटाच मोठ्याने सुटणार नाही याची काळजी घ्या.

भारतात जाताना काय सांभाळायचं?

पिस्तूल न्यायचा प्रश्नच नाही, पण खरी भानगड सुट्या काडतुसाची आहे. रेंजला नेलेली पाठीवरची बॅग महिन्याभराने भारतात निघते आणि तिच्या तळाशी, शिवणीत, एक ९ एमएमचं काडतूस राहिलेलं असतं. इथल्या तपासणीतून ते निसटू शकतं, मुंबई किंवा दिल्लीच्या परतीच्या तपासणीत सापडतं, आणि मग १९५९च्या शस्त्र कायद्याखाली गुन्हा नोंदवला जातो. काडतूस असल्याचं माहीतच नव्हतं हे पटल्यावर दिल्ली उच्च न्यायालयाने असे गुन्हे रद्दही केले आहेत, पण तोवर विमान गेलेलं असतं, वकील करावा लागतो आणि रजा संपते. म्हणून रेंजची बॅग वेगळी ठेवा, ती प्रवासाला कधीच वापरू नका. जॅकेटचे खिसे, गाडीतला कोट, जुन्या पँटचा छोटा खिसा हे सगळं सामान भरायच्या आधी उलटं करून झटका.